टाचणीताईंचे दोनशे किलोमीटर

गल्लीत त्यांना सगळे टाचणीताई म्हणत. ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या आणि बोलणं चालू. नव्या गिऱ्हाइकाला त्यातलं निम्मं कळत नसे, जुनी गिऱ्हाइकं मात्र सरावलेली. नवं शिवायच्या त्या फारशा भानगडीत पडत नसत. ढगळ झालेलं आत घ्यायचं, तंग झालेलं सैल करायचं, उसवलेलं टाचायचं, चेन बदलायची. जिन्याखालची एक खोली, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, कपडे घालून बघायला आडवा पडदा आणि एक पायमशीन. मोटर बसवून घ्या, असं निदान वीस जणांनी तरी सांगून पाहिलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. पाय हलले नाहीत तर हात चालत नाहीत, असं ताईंचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्याच स्टुलावर बसून तीच पायपट्टी हलवली होती, आणि या सगळ्या काळात खोलीच्या दारापलीकडे म्हणावं तर मंडईपर्यंत आणि फार तर नणंदेच्या घरापर्यंत त्यांची मजल.

एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई एक काळी आखूड विजार घेऊन आल्या. विजार अंगाला घट्ट बसणारी, ताणली जाणारी, आणि आतून बैठकीच्या जागी चांगली बोटभर जाडीची गादी. त्या गादीची शिवण उसवली होती. ताईंनी ती विजार उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि विचारलं, "डॉक्टर, हे नेमकं कशासाठी?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांचा पंधरा-वीस जणांचा गट होता. दर रविवारी पहाटे सायकलवर निघायचं, साठ-सत्तर किलोमीटर जायचं, कुठेतरी चहा प्यायचा आणि परत यायचं. तिकडे काही काम असतं का, असं ताईंनी विचारलं. काही नसतं. कुणी ओळखीचं राहतं? नाही. मग जाता कशाला, यावर मात्र डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या.

ताईंनी शिवण अशी सपाट बसवली, की हात फिरवला तरी बोटाला लागू नये. पुढच्या आठवड्यात गटातल्या आणखी चौघांच्या विजारी आल्या. मग खिसे निसटलेले सदरे आले. गटाचे म्होरके म्हणजे मास्तर. हयातभर गणित शिकवून निवृत्त झालेले, काडीसारखे, मनगटावर दोन घड्याळं. ते आपल्या सदऱ्याच्या पाठीला तिसरा खिसा लावून घ्यायला आले आणि उभ्या उभ्या ताशी वेग, चढाचं गुणोत्तर असलं काहीबाही सांगून गेले. ही माणसं अंतराबद्दल अशी बोलत, जणू शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जाऊन आली आहेत. "काल शंभर झाले," "परवा एकशेवीस." ताई मशीन चालवता चालवता ऐकत आणि मनात काहीतरी हलत राही.

शाळेत असताना त्या सायकल चालवत. भावाची, मोठ्या माणसाची, दांड्याखालून पाय घालून. एकदा सहज हे बोलून गेल्या आणि डॉक्टरीणबाईंनी ते शब्द हवेतच झेलले. त्यांच्या गच्चीवर बहिणीची जुनी सायकल धूळ खात पडली होती. ती त्यांनी पुसून, तेलपाणी करून, शनिवारी दुपारी सरळ दुकानात आणून उभी केली.

आता अडचण एकच होती, पण ती बसएवढी मोठी होती. ताईंचे यजमान बसड्रायव्हर. आधी पंधरा वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्यांवर होते, नंतर गावातल्या सत्तावीस नंबरवर, आणि जगात त्यांना मनापासून राग येत असेल तर तो सायकलवाल्यांचा. जेवताना पहिला घास पोटात गेला की दुसऱ्या घासाला हा विषय निघे. त्यांनी सायकलवाल्यांच्या तीन जाती पाडल्या होत्या. पहिली जात नागमोडी जाणारी, दुसरी कानात गाणी घालून जाणारी, आणि तिसरी, सर्वांत वाईट, रंगीबेरंगी घट्ट कपडे घालून घोळक्याने जाणारी. "रस्ता काय यांना आंदण दिलाय?" असं म्हणून ते भाजीकडे अशा नजरेने बघत, की जणू भाजीच सायकलवर बसून चालली आहे.

ताईंनी सासूबाईंचा सल्ला घेतला. सासूबाई ऐंशीच्या, कानाने थोड्या कमी, बाकी सगळ्या बाबतींत दोघांच्या वरताण. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो रविवारी पाचच्या पाळीला जातो. तू सहाला नीघ, नवाला परत ये. मी काही पाहिलेलं नाही."

झालं. घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. सायकल दुकानात पडद्यामागे राही. पहिल्या रविवारी ताई जेमतेम आठ किलोमीटर गेल्या. येताना गुडघे कुरकुरत होते, तळहातांना घट्टे पडले होते आणि चेहरा असा फुलला होता, की सासूबाईंनी आधी त्यांना आरशात बघून यायला सांगितलं. दुसऱ्या महिन्यात त्या गटाबरोबर तीस किलोमीटर जाऊ लागल्या. सगळ्यांत शेवटी, पण न थांबता. डॉक्टरीणबाई म्हणत, अठ्ठावीस वर्षांची पायमशीन फुकट गेली नाही. ताईंचा वेग कमी असे, पण निघताना जो असे तोच परततानाही. बाकीचे उड्या मारत पुढे जात आणि चहाच्या टपरीवर धापा टाकत बसत. ताई मागून एका लयीत येत, चहा पीत, पुन्हा त्याच लयीत निघत.

पाच महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी सत्तावीस नंबरचा रस्ता खोदला होता म्हणून बस तळ्याकाठच्या रस्त्याने वळवली. गट तिथूनच परतत होता. मागे भलामोठा हॉर्न वाजला. तो हॉर्न ताईंनी हजारदा ऐकला होता, खिडकीतून, रोज दुपारी, बस गल्लीच्या तोंडाशी आली की. मागे वळून पाहू नये असं त्यांना कळत होतं, तरी त्यांनी पाहिलं. काचेमागे यजमान होते. त्यांचा हात हॉर्नवर तसाच होता, पण हॉर्न वाजायचा बंद झाला होता. मग बस हळूच उजवीकडे सरली, दोन हात जास्तीचं अंतर सोडून पुढे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

तो दिवस ताईंनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. दोन गिऱ्हाइकांची मापं उलटीसुलटी झाली. संध्याकाळी यजमान आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. पहिला घास झाला. दुसरा झाला. सायकलचा विषय निघेना, तेव्हा ताईंना जास्तच धास्ती वाटली. शेवटी पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वळताना हात दाखवत जा. मागच्याला स्वप्न पडत नाही तू कुठे वळणार त्याचं."

एवढंच बोलून ते उठले आणि पुढचे चार दिवस त्यांनी ताईंशी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी आईमार्फत. सायकल चालवल्याचा राग होता तो कमीच. लपवल्याचा जास्त होता, आणि आईला ठाऊक होतं याचा सर्वांत जास्त. पाचव्या दिवशी सासूबाईच कंटाळल्या. मुलाला समोर बसवून म्हणाल्या, "तू बस चालवायला लागलास तेव्हा मला येऊन सांगितलंस का? पत्र आलं तेव्हा कळलं मला. मी रुसले होते का?" यजमान म्हणाले, रुसली होतीस, आठवडाभर. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मग तुझे अजून दोन दिवस बाकी आहेत, ते पुरे कर. ताई स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्यांना हसू आवरेना, आणि थोड्या वेळाने बाहेरही कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, ताई रविवारी सत्तर-ऐंशीपर्यंत जाऊ लागल्या, आणि मग आली ती दोनशेची फेरी. एका दिवसात दोनशे किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत. वाटेत तीन ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत आलात की झालं. ताईंनी नाव दिलं. मास्तरांनी कागदावर गणित मांडून दाखवलं. ताईंचा वेग, थांबे, मधला घाट, दुपारचा वारा. उत्तर आलं चौदा तास दहा मिनिटं. "ताई, यंदा शंभर करा," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "गणित काही माझं ऐकत नाही."

ताईंनी ते घरी सांगितलं. यजमानांनी तो कागद मागितला, चष्मा लावून वाचला आणि बाजूला ठेवला. त्या रस्त्यावर त्यांची पंधरा वर्षं गेली होती. त्यांनी ताईंचा कपडा बेतायचा मोठा खाकी कागद जमिनीवर पसरला, खडू घेतला आणि गुडघ्यावर बसून सगळा रस्ता काढला. कुठे पाण्याचा नळ आहे, कुठल्या वळणावर खडी सांडलेली असते, कुठल्या गॅरेजचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठल्या गॅरेजचा खरोखर येतो. वारा दीडनंतर समोरून सुटतो, म्हणून सकाळी थांबे छोटे घ्यायचे आणि दीडच्या आत घाट उतरायचा. "आणि चढावर मागच्याचा विचार करायचा नाही," ते म्हणाले. "आपली रेघ सोडायची नाही. मागच्याकडे ब्रेक असतो."

त्या दिवशी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावरून बावीस जण निघाले. दहा किलोमीटरच्या आत ताई एकट्या मागे राहिल्या आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. डोक्यावर निळं हेल्मेट, पाठीच्या तीन खिशांत केळी, उकडलेले बटाटे आणि यजमानांनी दिलेली मिठाची पुडी. पहिला शिक्का वेळेत मिळाला. बसगाड्या मागून येत होत्या, पण एक गोष्ट त्यांच्या हळूहळू लक्षात आली. एकही हॉर्न वाजवत नव्हती. प्रत्येक बस लांबून वेग कमी करी, रस्त्याच्या पार पलीकडे सरे आणि मगच पुढे जाई. ताईंना वाटलं, रविवार आहे, माणसं निवांत असतील.

घाटात मात्र रस्ता अरुंद. ताई सर्वांत हलक्या गिअरवर, माणूस चालेल त्या वेगाने चढत होत्या आणि मागे एक बस येऊन लागली. पहिल्या गिअरमधली तिची घरघर पाठीला जाणवत होती. बाजूला व्हावं का? बाजूला मातीची कड होती, एकदा उतरलं की चढावर पुन्हा बसणं कठीण. आत पन्नास माणसं खोळंबली असतील. घामाने डोळे चुरचुरत होते, त्यांनी नजर समोरच्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळवली आणि रेघ सोडली नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. बस मुकाट मागे. तिसऱ्या वळणानंतर रस्ता रुंद झाला, तेव्हा ती शेजारी आली. पोरसवदा ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वहिनी, पुढच्या थांब्याचा नळ बंद आहे. त्याच्या पुढच्याला पाणी घ्या."

ताईंनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी वहिनी हे कुणी सांगितलं, असं त्यांनी धापा टाकत विचारलं. तो हसला. डेपोच्या फळ्यावर आठ दिवस लिहिलंय, म्हणाला. रविवारी निळं हेल्मेट दिसलं तर हॉर्न नाही, आणि जो वाजवेल त्याने माझ्याशी गाठ आहे असं समजावं. खाली सही दादांची, म्हणजे ताईंच्या यजमानांची. मागच्या खिडक्यांतून प्रवासी डोकावत होते. एका म्हाताऱ्याने, बहुधा अर्धा तास वैतागून झाल्यावर, टाळ्या वाजवल्या. बस निघून गेली. ताई चढ संपेपर्यंत हसत होत्या, आणि चढावर हसू नये हे त्यांना त्या दिवशी कळलं, कारण दम पुरत नाही.

दुसऱ्या शिक्क्याला वीस मिनिटं हातात होती. मग दीड वाजला आणि वारा सांगितल्याबरहुकूम समोरून सुटला. एकशेचाळीसाव्या किलोमीटरला, एका बंद कारखान्याच्या भिंतीशी, मास्तर बसलेले दिसले. सायकल उलटी, चाक मांडीवर. काचेने टायरची कड दोन बोटं फाटली होती आणि त्यातून आतली ट्यूब फुगून बाहेर येत होती. ट्यूब बदलून झाली होती, तीही फुगत होती. बाकीचे केव्हाच पुढे गेलेले. मास्तर पुढच्या घोळक्याच्या शेवटी राहून सगळ्यांची काळजी घेणार म्हणून थांबले होते आणि आता त्यांचीच काळजी घ्यायला कुणी नव्हतं.

"तुम्ही निघा, ताई," ते म्हणाले. "तुमच्याकडे वेळ नाही."

ताईंनी सायकल भिंतीला लावली आणि टायर हातात घेऊन कापडासारखा चाचपला. धागे आडवे तुटले होते, रबर मात्र धड होतं. सुईदोऱ्याशिवाय त्या कधी उंबरा ओलांडत नसत. जाड सुई होती, मेण लावलेला दोरा होता, आणि हत्यारं खडखडू नयेत म्हणून पिशवीत कोंबलेला जीन पॅण्टच्या कमरपट्टीचा तुकडा होता. त्यांनी फाटलेल्या कडा जुळवल्या आणि बारीक टाके घालत, प्रत्येक टाका आवळत, दुहेरी शिवण घातली. रबरातून सुई ओढायला त्यांनी मास्तरांच्या पान्याचा चिमटा केला. आतून कमरपट्टी बसवली, म्हणजे दोरा ट्यूबला घासायला नको. हे होईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मास्तर दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीने बघत होते. हवा भरली, बेताची. शिवण फुगली नाही.

मास्तरांनी काही वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग उठून म्हणाले, "आता माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं. वारा मी घेतो. मी हात खाली केला की खड्डा, हात वर केला की थांबा. बोलायचं नाही."

ताईंनी आजवर कुणाच्या मागे अशी सायकल चालवली नव्हती, कारण मागे राहण्याइतकं जवळ त्यांना कुणी सापडतच नसे. हातभर अंतरावर मास्तरांचं चाक, आणि वारा एकदम गप्प. जणू कुणी खोलीची खिडकी लावून घेतली. त्या त्यांच्या लयीने पाय मारत राहिल्या आणि वेग मात्र कधी नव्हे तो वाढलेला. पन्नास किलोमीटर ते दोघं असे आले. तिसऱ्या शिक्क्याला दोन मिनिटं थांबले, एक केळं अर्धं अर्धं खाल्लं. शेवटच्या दहा किलोमीटरला मास्तरांचे पाय गेले. तेव्हा ताई पुढे झाल्या, काही न बोलता, आणि त्यांनी वारा घेतला.

सात वाजून बावीस मिनिटांनी दोघं शाळेच्या मैदानावर पोचले. डॉक्टरीणबाई पळत आल्या. फाटकाशी यजमान खाकी गणवेशातच उभे होते, पाळी संपवून तसेच आलेले. ते ताईंकडे न जाता आधी सायकलकडे गेले, मागचं चाक फिरवून पाहिलं आणि मग म्हणाले, "घाट दीडच्या आत उतरलीस?" ताई म्हणाल्या, एक वाजून दहा मिनिटांनी. त्यांनी मान डोलावली.

घरी ताई कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या. सासूबाईंना सगळं सविस्तर हवं होतं. कुठून निघालात, कुठून कुठे गेलात. शाळेच्या मैदानावरून निघालो, असं ताईंनी सांगितलं, आणि पोचलो तेही तिथेच. सासूबाईंनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. तिथेच? तिथेच. "मग सकाळीच तिथे थांबायचं होतंस," त्या म्हणाल्या, आणि त्यावर तिघंही इतकी हसली, की बादलीतलं पाणी जमिनीवर आलं.

याला आता सहा वर्षं झाली. ताईंनी दोनशेच्या चार फेऱ्या केल्या, एकदा तीनशेही. मास्तर गणित अजून मांडतात, पण ताईंच्या नावासमोर जागा कोरी सोडतात. यजमान निवृत्त झाले. सायकलवर ते आजतागायत बसलेले नाहीत आणि बसणारही नाहीत. गटाने त्यांना एका फेरीला दुसऱ्या टप्प्यावर शिक्के मारायला बसवलं, आणि तेव्हापासून ते काम त्यांचंच. टेबल, छत्री, घड्याळ, पाण्याचे कॅन. रांग मोडलेली त्यांना चालत नाही. डॉक्टरीणबाईंनासुद्धा एकदा त्यांनी मागे पाठवलं होतं.

गेल्या वर्षीच्या फेरीत ताईंची चेन दोनदा निसटली आणि त्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा टप्प्याची वेळ चार मिनिटांनी उलटून गेली होती. त्यांनी कार्ड पुढे केलं. यजमानांनी कार्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बायकोच्या घामाने निथळणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शिक्क्याच्या डबीचं झाकण लावलं. रांगेत कुणी नव्हतं, बघणारं कुणी नव्हतं. तरीही.

"गाडी सुटली," ते म्हणाले. मग थर्मास उघडून त्यांनी ताईंना कपभर चहा दिला, बिस्किटं दिली, चेन पुसून तेल घालून दिली आणि विचारलं, टेम्पो परत जातोय, त्यात सायकल टाकू का.

ताईंनी चहा संपवला. अजून ऐंशी किलोमीटर होते, शिक्का मिळणार नव्हता आणि वारा, नवल म्हणजे, पाठीवरून होता. टेम्पो कशाला, असं म्हणून त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि त्या निघाल्या. वळणावर पोचल्यावर त्यांनी व्यवस्थित उजवा हात बाहेर काढून दाखवला.